कथिलाचे सैनिक आणि चाळीस हजार प्रशियन

लंडनच्या चेल्सी भागातील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये एक अख्खे रणांगण मांडून ठेवलेले आहे. त्यावर कथील आणि शिशाच्या मिश्रधातूचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक उभे आहेत. प्रत्येकाची उंची जेमतेम एक सेंटिमीटर. तारीख १८ जून १८१५, वेळ संध्याकाळी सातच्या आसपास, स्थळ वॉटर्लू.

या देखाव्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्यावर दिसत नाही. नेपोलियनच्या उजव्या बगलेला, प्लांसनवा गावाच्या दिशेने, जिथे प्रशियाच्या पलटणींची दाटी असायला हवी, तिथे बरीच मोकळी जमीन आहे. ती जमीन पूर्वी मोकळी नव्हती. ज्याने हे रणांगण स्वतःच्या पैशाने उभारले, त्यानेच पुढे सुमारे चाळीस हजारांचे प्रशियन सैन्य त्यावरून उचलून घेतले.

हा थ्रेड त्या उचललेल्या सैनिकांविषयी आहे. छोटे सैनिक रंगवून लढाईचे देखावे उभे करणाऱ्या हौशी कारागिरांनी, आणि त्यांच्याकडे पाहून 'मोठ्या माणसांची खेळणी' म्हणत हसणाऱ्यांनीही, तो वाचण्यासारखा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कथिलाचे चपटे सैनिक ओतण्याचा धंदा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या परिसरात भरभराटीस आला. फ्रेडरिक द ग्रेटच्या शिपायांनी त्याची सुरुवात झाली आणि नेपोलियनच्या युद्धांनी त्याला खरे गिऱ्हाईक मिळवून दिले. झगमगीत गणवेश, पिसांचे तुरे, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, चिलखती घोडेस्वार: रंगवणाऱ्याला याहून मोहक काळ सापडणे कठीण. त्यामुळेच दोनशे वर्षे उलटली, कथिलाची जागा प्लास्टिक आणि रेझिनने घेतली, तरी या छंदात नेपोलियनचे राज्य अबाधित आहे. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ मध्ये या खेळाच्या नियमांचे पुस्तक लिहिले, तेव्हाही त्याला लोक हसलेच असतील.

हसण्याचे कारण एकच: हा पोरखेळ आहे, इतिहास नव्हे, अशी समजूत. ती चुकीची आहे.

इतिहासाच्या पुस्तकात लेखकाला 'बहुधा', 'संभवतः', 'काही साधनांनुसार' असे शब्द वापरण्याची मुभा असते. देखावा बनवणाऱ्याला ही सोय नाही. पलटण एकतर टेकडीच्या अलीकडे उभी असते किंवा पलीकडे. तिने चौकोनी व्यूह रचलेला असतो किंवा ती रांगेत असते. अर्धा सैनिक ठेवता येत नाही आणि शंकेचा रंग कोणत्याही डबीत मिळत नाही. त्यामुळे देखाव्यातला प्रत्येक सैनिक म्हणजे एक ठाम विधान होय, आणि विधान म्हटले की त्याला पुरावा लागतो, त्यावर वाद होतो, कधी कधी त्याची किंमतही मोजावी लागते. ही किंमत विल्यम सायबॉर्न या इंग्रज अधिकाऱ्याने आयुष्यभर मोजली.

सायबॉर्नचा जन्म १७९७ चा. तो वॉटर्लूला लढला नव्हता. लढाईनंतर पॅरिसमध्ये जे ब्रिटिश सैन्य मुक्कामाला होते त्यात तो दाखल झाला. त्याचे खरे कौशल्य भूमापनात. जमिनीचे चढउतार कागदावर कसे उतरवावेत यावर त्याने पुस्तके लिहिली होती. १८३० मध्ये सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्याच्यावर वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम सोपवले. सायबॉर्न बेल्जियमला गेला आणि ला ए सेंत या शेतवाडीत आठ महिने राहिला. लढाईच्या दिवशी ब्रिटिश फळीच्या मध्याच्या पुढे जी वाडी होती, तीच ही. तिथे राहून त्याने प्रत्येक बांध, उतार, खळगा आणि रस्ता मोजून काढला.

इथेच पहिली अडचण उभी राहिली. लढाईनंतर नेदरलँड्सच्या राजाने, आपला राजपुत्र जिथे जखमी झाला त्या ठिकाणी, १८२० ते १८२६ या काळात मातीचा एक प्रचंड शंकू उभारून त्यावर सिंहाचा पुतळा बसवला होता. या शंकूची माती आजूबाजूच्या टेकाडावरूनच खणून नेली गेली. म्हणजे ज्या टेकाडाआड वेलिंग्टनने आपले सैन्य दडवले होते, त्याचाच काही भाग सपाट झाला होता. लढाईचे स्मारक उभारताना लढाईचे रणांगणच खरवडले गेले! सायबॉर्नला जमीन मोजायची होती आणि जमीन जागेवर नव्हती.

दुसरी अडचण माणसांची. जमीन मोजता येते; त्यावर संध्याकाळी सात वाजता कोण कुठे उभे होते हे कसे मोजणार? सायबॉर्नने जे केले ते त्या काळी जवळजवळ अभूतपूर्व होते. त्याने एक प्रश्नपत्रक तयार केले आणि लढाईत हजर असलेल्या, हयात असलेल्या अधिकाऱ्यांना ते पाठवले. फ्रेंच इंपीरियल गार्ड टेकाडाच्या माथ्यावर पोहोचली त्या क्षणी तुमच्या पलटणीचा व्यूह कोणता होता? तुमच्या समोरच्या शत्रूचा कोणता? सोबतच्या नकाशावर जागा दाखवा. आणि आणखी एक प्रश्न, जो वाचून कोणाही कसबी कारागिराला सायबॉर्न आपल्यातलाच वाटावा: तुमच्या भोवतालच्या शेतात पीक कोणते होते?

सुमारे सातशे पत्रे जमली. एखाद्या लढाईविषयी, त्यात भाग घेतलेल्यांकडून, ठरावीक प्रश्नांच्या आधारे माहिती गोळा करण्याचा एवढा मोठा उद्योग त्याआधी क्वचितच कोणी केला असेल. लक्षात घेण्याजोगे हे की तो कोणा विद्यापीठाने वा राजदरबारी इतिहासकाराने केला नाही. तो केला एका माणसाने, कारण त्याला कथिलाचे शिपाई योग्य जागी उभे करायचे होते.

पत्रांतून उलगडा झाला तसा गोंधळही वाढला. लढाईला जवळपास वीस वर्षे उलटून गेली होती. इंपीरियल गार्डला नेमके कोणी मागे लोटले, फर्स्ट फूट गार्ड्सने की बावन्नाव्या पलटणीने, यावरून ब्रिटिश अधिकारी आपसांतच भांडत होते. प्रत्येकाला आपापली पलटण त्या निर्णायक क्षणी थोडी पुढे हवी होती. पुस्तकात दोन्ही बाजू मांडता आल्या असत्या. देखाव्यात पलटणीला एकच जागा असते.

यात एक उणीवही होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. सायबॉर्नने विचारले ते अधिकाऱ्यांना. साध्या शिपायाकडे प्रश्नपत्रक गेले नाही. शिवाय, १८३३ मध्ये सरकारने पैशाच्या बाबतीत हात आखडता घेतल्यावर त्याने स्वतःच्या खिशातून आणि उसनवारीवर काम पुढे रेटले, आणि काही अधिकाऱ्यांकडे वर्गणीही मागितली. ज्यांच्या साक्षीवर देखावा उभा राहायचा त्यांच्याचकडून पैसे घेणे, हे कितीही नाइलाजाने झाले तरी, कारागिराच्या हाताला बांधून टाकणारे होते. त्याच्या टीकाकारांनी पुढे याच मुद्द्यावर बोट ठेवले.

आता प्रमाणाविषयी, कारण या छंदात सारे पाणी तिथेच मुरते. सायबॉर्नने प्रत्यक्षातील एका मैलाला नऊ फूट असे प्रमाण धरले. हिशेब केला तर ते साधारण १ : ५८७ भरते. या प्रमाणात माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा व्हायला हवा. तीन मिलिमीटरच्या शिपायाचा गणवेश कोण रंगवणार आणि तो कोणाला दिसणार? म्हणून सायबॉर्नने शिपाई सुमारे तिप्पट मोठा केला आणि संख्या निम्मी केली: दोन माणसांमागे एक पुतळा. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मराठी मुलांना ही युक्ती कोणी शिकवावी लागत नाही. त्यांचा मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे. सगळेच देखावे अशी लबाडी करतात. ती उघड असते तोवर तिला लबाडी म्हणूही नये.

प्रश्न निर्माण होतो तो उघड नसलेल्या फेरफाराचा.

वॉटर्लूच्या लढाईचा ढोबळ आराखडा अनेकांना माहीत असतो, तरी आकडे पुन्हा पाहावेत. वेलिंग्टनकडे सुमारे ६८ हजार सैनिक होते आणि त्यांत ब्रिटिश केवळ एक तृतीयांशाच्या आसपास. उरलेले हानोव्हर, ब्रुन्सविक, नासाऊ इथले जर्मन आणि डच-बेल्जियन. नेपोलियनकडे ७० हजारांहून थोडे अधिक. दुपारी साडेचारच्या सुमारास ब्युलोच्या प्रशियन तुकड्या फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर येऊन धडकल्या. प्लांसनवा गावात घरोघरी, अगदी स्मशानभूमीतही, झुंज झाली. ती रोखण्यासाठी नेपोलियनला लोबाऊचे दल, नंतर संपूर्ण यंग गार्ड आणि वर ओल्ड गार्डच्या दोन बटालियन तिकडे वळवाव्या लागल्या. संध्याकाळी वेलिंग्टनच्या टेकाडावर चढलेली इंपीरियल गार्ड अपुरी पडली, याचे एक मोठे कारण हे. दिवस मावळेपर्यंत सुमारे ५० हजार प्रशियन मैदानात होते आणि त्यांचे सात हजारांच्या आसपास सैनिक मेले, जखमी वा बेपत्ता झाले. शेवटचे दोन हात करायला आलेल्या पाहुण्यांचे इतके नुकसान होत नसते.

सायबॉर्नने बर्लिनला प्रशियन जनरल स्टाफकडे चौकशी केली, त्यांच्याकडून माहिती मिळवली आणि त्या आधारे संध्याकाळी सातच्या देखाव्यात प्रशियनांना त्यांची जागा दिली. ती जागा मोठी होती. वरून पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळावे की नेपोलियन दोन सैन्यांच्या जबड्यात सापडला आहे.

हे कळणेच ड्यूक ऑफ वेलिंग्टनला खटकले. त्याचा जुना लष्करी सचिव लॉर्ड फिट्झरॉय सॉमरसेट याच्यामार्फत ही नाराजी सायबॉर्नपर्यंत पोहोचत राहिली. आक्षेप असा होता की दाखवलेल्या घटकेला प्रशियन इतके पुढे आलेले नव्हते. देखावा पाहणाऱ्याचा गैरसमज होईल, लढाई त्यांनीच जिंकली असे त्याला वाटेल.

आक्षेप सरसकट उडवून लावण्यासारखा नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. थिजवलेल्या क्षणात अर्ध्या तासाचा फरकही फार मोठा असतो. रणांगणाच्या एका टोकाचे सात आणि दुसऱ्या टोकाचे साडेसात एकाच फलकावर आले, तर चित्र खोटे ठरते. त्या काळी घड्याळे एकमेकांशी जुळत नसत, आणि कोणत्या अधिकाऱ्याने घड्याळ पाहिले होते हा प्रश्न निराळाच. लढाईचा इतिहास लिहिणे हे नृत्यसमारंभाचा इतिहास लिहिण्याइतके अशक्य आहे, कारण कोणती घटना नेमकी कोणत्या क्षणी घडली हे कोणालाच आठवत नाही, अशा अर्थाचे मत वेलिंग्टनने लढाईनंतर दोनच महिन्यांत एका पत्रात मांडले होते. त्यात तथ्य आहे.

परंतु तेच मत त्याच्याही विरुद्ध जाते. कोणालाच क्षण नेमका आठवत नसेल, तर वेलिंग्टनचा क्षण प्रशियनांच्या क्षणाहून खरा कसा? शिवाय एक कागद त्याच्या विरोधात साक्ष देतो, आणि तो त्याचाच आहे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी, १९ जूनला, त्याने लंडनला जो अहवाल धाडला त्यात ब्ल्यूखर आणि प्रशियन सैन्याच्या वेळेवर आलेल्या मदतीला विजयाचे श्रेय दिले होते. ब्युलोने बगलेवर केलेली चढाई निर्णायक ठरल्याचेही नमूद केले होते. १८१५ च्या जूनमध्ये जे मोकळेपणाने लिहिता आले ते वीस-पंचवीस वर्षांनी कथिलाच्या सैनिकांच्या रूपात पाहवेना, एवढाच याचा अर्थ लागतो. मधल्या काळात वेलिंग्टन पंतप्रधान होऊन गेला होता आणि वॉटर्लू ब्रिटिशांची राष्ट्रीय कथा बनली होती. राष्ट्रीय कथेत सहनायकाला फार जागा नसते.

१८३८ मध्ये पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये हा देखावा लोकांसाठी खुला झाला. एक शिलिंग तिकीट काढून सुमारे एक लाख लोकांनी तो पाहिला. तेवढ्यानेही सायबॉर्नचे कर्ज फिटले नाही; त्याचा खर्च तीन हजार पौंडांच्या घरात गेला होता. देखावा कोणी विकत घ्यावा यासाठी तो वर्षानुवर्षे खटपट करत राहिला, आणि लष्करात ज्याच्या शब्दाला वजन होते तोच माणूस देखाव्यावर नाराज होता. नोकरी, बढती, कर्ज: तिन्ही दोऱ्या एकाच हातात.

पुढे सायबॉर्न नमला. प्रशियन सैनिक फलकावरून उतरवले गेले.

या प्रसंगाकडे कसे पाहावे यावर आजही मतभेद आहेत. काही अभ्यासक याला सत्तेने केलेली गळचेपी म्हणतात. काहींच्या मते नव्या पुराव्यापुढे सायबॉर्नने केलेली ती दुरुस्ती होती. दुसरे स्पष्टीकरण पटण्यासारखे नाही. दुरुस्ती म्हणजे जागा बदलणे: प्रशियन दोन बोटे मागे सरकवता आले असते. सातशे पत्रे मागवणारा, पिकांची चौकशी करणारा माणूस पुरावा बदलला म्हणून सैन्य हलवील; ते डबीत भरून ठेवणार नाही. सायबॉर्नला दोष देणे मात्र अवघड आहे. डोक्यावर कर्ज आणि वर सरसेनापतींची कचेरी असताना ताठ उभे राहण्याचा उपदेश इतरांनी आरामात बसून करू नये.

आता आजच्या कारागिरांकडे वळावे. त्यांच्या डोक्यावर कोणी ड्यूक नाही. तरीही त्यांच्या टेबलांवरून प्रशियन बऱ्याचदा गायब असतात. कारण अगदी घरगुती आहे. प्रशियाच्या त्या सैन्यात लँडवेअर, म्हणजे नागरिकांतून उभारलेल्या पलटणी, मोठ्या संख्येने होत्या. गुडघ्यापर्यंतचे साधे निळे-करडे कोट, खोळी चढवलेल्या टोप्या, कुठून कुठून मिळवलेला पोशाख. त्यांत झगमगाट कसला? शंभर लँडवेअर शिपाई रंगवायला बसण्यापेक्षा दहा चिलखती घोडेस्वार रंगवणे कोणालाही सुखाचे वाटेल. वेलिंग्टनने जे दबावाने घडवले ते कंटाळा आपोआप घडवतो.

आज सर्वाधिक चालणारा सैनिक २८ मिलिमीटरचा. त्याच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १ : ५६ ने, वॉटर्लूची चार किलोमीटरची आघाडी मांडायची तर सत्तर मीटर लांबीचे टेबल लागेल. म्हणून शहाणे कारागीर अख्खी लढाई सोडून एखादा कोपरा निवडतात, आणि तो कोपरा बहुधा सायबॉर्न जिथे राहिला तीच ला ए सेंतची शेतवाडी असते. पांढऱ्या भिंती, लाल कौले, फाटकावर तुटून पडलेले निळे फ्रेंच. देखणा विषय.

या वाडीचाच दाखला घेऊन पाहिले की पुरावा आणि कुंचला यांचे नाते स्पष्ट होते. वाडीचे रक्षण करणारे मुख्यतः लाल कोटातले इंग्रज नव्हते. मेजर बारिंगच्या हाताखाली किंग्ज जर्मन लीजनची दुसरी लाइट बटालियन, सुमारे चारशे माणसे, तिथे होती. हे जर्मन रायफलधारी गडद हिरव्या पोशाखात लढले. तेव्हा लाल कोटांनी भरलेली ला ए सेंत कितीही सुबक रंगवलेली असली, तरी ती वेलिंग्टनच्याच कथेची आणखी एक आवृत्ती ठरते. दुसरा तपशील तर फारच बोलका आहे. आदल्या रात्री मुसळधार पाऊस कोसळला होता. थंडीने काकडणाऱ्या सैनिकांनी शेकोटीसाठी धान्याच्या कोठाराचे मोठे दार फोडून जाळले. दुसऱ्या दिवशी शेताच्या बाजूचे ते भगदाड बुजवायला दार उरले नव्हते आणि त्या उघड्या चौकटीत दिवसभर प्रेतांचा खच पडत राहिला. देखाव्यात ते दार जागेवर बसवले, की सारी संध्याकाळ खोटी होते. संध्याकाळी रायफलींची काडतुसे संपली, मागूनही मिळाली नाहीत आणि वाडी पडली. परत आलेली माणसे चाळीस-बेचाळीस.

रंगांचेही तसेच. ब्रिटिश शिपायाचा लाल कोट मंजिष्ठाच्या मुळांपासून काढलेल्या रंगाचा. तो ऊनपावसात विटकरीकडे झुकत जाई. अधिकाऱ्याचा कोट अधिक महागड्या रंगाचा, भडक किरमिजी. दोघांना एकाच डबीतला लाल लावणारा कारागीर नकळत शिपायाला बढती देऊन टाकतो. इंपीरियल गार्डचे चित्र डोळ्यांसमोर येते ते तुरे, गोंडे आणि पांढऱ्या छातीच्या गणवेशाचे. पण त्या संध्याकाळी टेकाड चढून आलेले गार्ड्समन मुख्यतः लांब निळ्या ओव्हरकोटांत होते, चिखलाने माखलेले, पिसांवाचून. पावसाने भिजलेली राय धान्याची शेते काही ठिकाणी माणसाच्या खांद्यापर्यंत वाढली होती आणि सातपर्यंत घोड्यांच्या टापांनी त्यांची रबडी झाली होती. फलकावर फेव्हिकॉल पसरून त्यावर हिरवेगार कृत्रिम गवत पेरणे सोपे. सायबॉर्नने पिकांची चौकशी का केली होती, हे ते गवत पाहिल्यावर कळते.

रंगवण्याचे तंत्र या बाबतीत निर्दोष नसते. आधी अस्तर, मग मूळ रंग, मग कपड्यांच्या चुण्यांत उतरणारी पातळ गडद छटा, शेवटी उंचवट्यांवर उजळ रेघ. ही उजळ रेघ सैनिकाला जिवंत करते आणि त्याच वेळी त्याला नुकताच इस्त्री केल्यासारखा दाखवते. जाणते कारागीर म्हणूनच शेवटी कोरड्या कुंचल्याने मातकट रंग गुडघ्यापर्यंत मारतात. ज्यांना पदक हवे असते ते मारत नाहीत. प्रेतांच्या बाबतीत तर बहुतेक सगळेच हात राखून वागतात. लढाई अंगात आलेल्या शेकडो पुतळ्यांत दोन-चार जण आडवे दाखवले की झाले, अशी रीत आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी तिन्ही सैन्यांचे मिळून चाळीस हजारांहून अधिक सैनिक मेले वा जखमी झाले, आणि संध्याकाळी सातपर्यंत त्यांतले बरेचसे चिंचोळ्या पट्ट्यात पडलेले होते.

मराठी वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे वाटेल. वेलिंग्टन हा ड्यूक होण्यापूर्वी जनरल आर्थर वेलस्ली होता, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली. पुढे उतारवयातही तो असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानत असे. त्याचे दीड हजारांहून अधिक सैनिक तिथे मेले वा जखमी झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रजांची रांग पुढे निघून गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्यांनी उठून तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीमागून मारा केला.

हे कळते कशावरून? मुख्यतः वेलस्लीच्या पत्रांवरून आणि त्याच्या अधिकाऱ्यांच्या आठवणींवरून. असईच्या गोलंदाजांकडे प्रश्नपत्रक घेऊन कोणी सायबॉर्न गेला नाही. कोणत्या तोफेवर कोण होते, शेतात कोणते पीक उभे होते, पहिली रांग तुटली तेव्हा वेळ काय झाली होती, हे त्यांना कोणी विचारले नाही. तेव्हा पुण्या-मुंबईच्या किंवा औरंगाबादच्या एखाद्या तरुणाने उद्या असईचा देखावा मांडायला घेतला, तर लाल कोट त्याला शेवटच्या बटणापर्यंत अचूक रंगवता येतील. केळणेच्या काठावर मोक्याच्या जागी तोफा मांडून उभे राहिलेल्यांचा पोशाख रंगवताना मात्र त्याचा कुंचला अडखळेल. वॉटर्लूच्या फलकावरून प्रशियन उचलून न्यावे लागले; असईच्या फलकावर शिंद्यांचे गोलंदाज पुरते कधी मांडलेच गेले नाहीत.

अशा कारागिराला एक साधी सूचना करता येईल. देखाव्याच्या कडेला लाकडी पट्टीवर लढाईचे नाव आणि तारीख लिहिण्याची प्रथा आहे. तिथेच वेळ लिहावी, किती माणसांमागे एक पुतळा हे लिहावे, आणि कोणाच्या साक्षीवरून हे मांडले तेही लिहावे. ज्या तुकडीचा पोशाख ठाऊक नाही ती अस्तराच्या करड्या रंगातच ठेवावी. प्रदर्शनात ती विचित्र दिसेल. दिसू द्यावी.

सायबॉर्नने १८४४ मध्ये वॉटर्लूच्या मोहिमेचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दुसरी, अधिक मोठ्या प्रमाणाची प्रतिकृतीही लोकांपुढे आणली. तीत दुपारच्या ब्रिटिश घोडदळाच्या हल्ल्याचा प्रसंग आहे आणि ती आता रॉयल आर्मरीजच्या संग्रहात आहे. त्या घटकेला प्रशियन अजून रणांगणावर पोहोचलेच नव्हते, त्यामुळे तिच्यावरून कोणाला उतरवण्याचा प्रश्नच आला नाही. १८४९ मध्ये तो वारला, तेव्हा तो चेल्सीतल्याच लष्करी मुलांच्या आश्रमशाळेत सचिव होता. त्याची पहिली प्रतिकृती नंतर वर्गणी काढून विकत घेतली गेली.

फलकावरून त्याने सैनिक उतरवले, पण पत्रे मात्र एकही फाडली नसावीत असे तो ढीग पाहून वाटते. ती त्याच्या मुलाकडे आली. हर्बर्ट सायबॉर्नने १८९१ मध्ये त्यांतली निवडक छापली, आणि मूळ कागद आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वॉटर्लूवर नव्याने लिहू पाहणारा प्रत्येक अभ्यासक आधी त्या कागदांकडे जातो. चेल्सीच्या देखाव्यासमोर उभे राहून प्लांसनवाची मोकळी जमीन पाहणाऱ्याला तिथे कोण उभे होते याचा शोध घ्यायचा असेल, तर त्यालाही त्याच वाटेने जावे लागते.